प्रशिक येऊन गेला

फोन स्पीकरवर होता म्हणून सगळं झालं. आई भाकरी थापत होती, तिचे दोन्ही हात पिठात, म्हणून मीच फोन डब्याला टेकवून उभा केला होता, आणि दादा कोलकात्याच्या विमानतळावरून म्हणाला, "आई, मी स्टँडबायला आहे." एवढंच. आई काही बोलायच्या आत पलीकडच्या खाटेवरून आज्जा उठला. जो माणूस कुशीवर वळायलासुद्धा कुणालातरी हाक मारतो तो एका दमात उठला, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली, उशीखालची श्रीखंडाच्या गोळ्यांची पुडी बंडीच्या खिशात कोंबली आणि आमच्याकडे असं बघायला लागला की जसं काही आम्हालाच कमी ऐकू येतं. "पोरगं स्टँडवर आलंय," तो म्हणाला, "आन् तुमी हितं फोनवर गप्पा हाणताय व्हय?" मला हसू फुटलं. आमच्या घरात स्टँड म्हणजे एकच, भोरचा एसटी स्टँड, गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की गाडी रिव्हर्स घेतानाची कंडक्टरची शिट्टी ऐकू येते इतका जवळ. आणि बाय म्हणजे बाय. स्टँडबायला आहे म्हणजे स्टँडवर आहे, बाय. यात कुणाचं काय चुकलं? पण आई हसली नाही. तिच्या हातावरची भाकरी तशीच लोंबत राहिली, आणि ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "उठले बघ. नुस्त्या नावानं उठले." फोनमधून दादा हॅलो, हॅलो करत होता.

आज्जा विसरत चालला होता. हे असं एका वाक्यात लिहिलं की फार सोपं दिसतं. घरात ते फार हळू आणि फार गमतीशीर पद्धतीने झालं, म्हणजे पहिल्यांदा गमतीशीर. मला तो सगळ्यात आधी विसरला. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, ती एवढी मोठी ढाल छातीशी धरून मी स्टँडच्या बाजूने पळत घरी आले, आणि त्या दिवशी मला वाटत होतं की मी आता कुणाशीही बोलू शकते, कलेक्टरशीसुद्धा. दारात आज्जा बसला होता. त्याने ढाल बघितली, मला बघितलं आणि म्हणाला, "लई चुणचुणीत हायेस गं. कुणाची तू?" मी म्हटलं, चेष्टा करतोय. आमचा कोंडिबा आज्जा आहेच तसा, गल्लीत सगळे त्याला चेष्टेखोर म्हणूनच ओळखतात. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "मी कुमारी नूतन, इयत्ता दहावी, तुमची नात." तो विचारात पडला. खरंखुरं विचारात पडला, कपाळाला आठ्या घालून, जशी एखादी गाडी कुठून सुटते ते आठवत नसावं. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी दादाचं नाव घेऊन म्हटलं, "प्रशिकची बहीण." आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "प्रशिकला बहीन हाय? बरं झालं. एकटा पडला व्हता पोरगा."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभी राहून तेच सांगायचे. प्रशिकची बहीण. मग तो म्हणायचा, हां हां, ये बस. माझी जागा दादाच्या नावावर होती. माझ्यानंतर त्याच्या आठवणीतून आई गेली, तो तिला बाई म्हणायला लागला, "बाई, पानी दे गं." मग पप्पा. पप्पा शिरवळच्या कंपनीतून पाळी करून यायचे, हेल्मेट काढायचे, आणि आज्जा स्वतःच्याच मुलाला बसल्या जागेवरून अर्धवट उठून "या सायेब" म्हणायचा. पप्पांनी तेव्हापासून हेल्मेट बाहेरच काढून ठेवायला सुरुवात केली, पण उपयोग झाला नाही. जुनी माणसं मात्र सगळी जागच्या जागी होती. अक्काबाई, म्हणजे माझी आजी, जिला मी पाहिलेलीही नाही, तिच्याशी तो दुपारी भांडायचा. धरणात बुडालेल्या शेताचा बांध, भावाचं लहानपणीचं कुत्रं, छडी मारणारा मास्तर, सगळे येऊन बसलेले. जो जितका जुना तितका पुढे. आणि आम्ही नंतरची माणसं दाराशी उभी. दादा तेवढा मधे कसा काय टिकला होता माहीत नाही. कदाचित त्याने दादाला स्टँडवर वाचायला शिकवलं म्हणून, किंवा दादाने त्याला. दोघं संध्याकाळी सिमेंटच्या बाकड्यावर बसायचे आणि प्रत्येक गाडीची पाटी जुळवत वाचायचे, स्वा-र-गे-ट, म-हा-ड, वे-ल्हे, आणि दोघांपैकी कोण शिक्षक ते शेवटपर्यंत ठरलं नाही, असं आई सांगते. माझ्या वेळेपर्यंत आज्जाचे गुडघे गेले होते. मी वाचायला शाळेत शिकले.

म्हणून आईने दादाला फोन केला होता. मी शेजारीच होते. ती रडली वगैरे नाही, ती फक्त म्हणाली, "अजून तुजं नाव हाय त्यांच्या तोंडात. हाय तवर ये." दादा म्हणाला, "येतो गं. मला काय, तिकीट थोडंच काढायचंय."

ते त्याचं आवडतं वाक्य होतं. विमान कंपनीत काम करणाऱ्याला विमानातून फुकट जाता येतं, मात्र तिकिटाची माणसं सगळी बसल्यावर एखादी खुर्ची उरली तर. त्या उरलेल्या खुर्चीसाठी थांबायचं त्याला स्टँडबाय म्हणतात. आणि असे थांबलेले कर्मचारी चारपाच असले तर ज्याची नोकरी जुनी तो आधी. पुण्याच्या विमानतळावर सामानाच्या गाड्यांवर दादा लागला तेव्हा मी तिसरीत होते. दरवर्षी तो आपल्या नोकरीची वर्षं अशी सांगायचा जशी बायका मुलाचं वय सांगतात. मग त्याची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. हा शब्द मी माझ्या भाषणात वापरला होता, भोर संस्थान विलीन झालं त्या परिच्छेदात, आणि विलीन म्हणताना हात असा पसरून खाली आणला होता. टाळ्या पडल्या होत्या. विलीन झाल्यावर कोण कुठे बसतं ते भाषणात नव्हतं. ते दादाने मागच्या दिवाळीत सांगितलं, पणत्या लावताना. जुन्या कंपनीतल्या माणसांची नोकरी विलीन झाल्याच्या दिवसापासून मोजायची, असं ठरलं होतं. पगारासाठी नाही, या उरलेल्या खुर्च्यांसाठी. मोठ्या कंपनीत त्या दिवसाच्या आदल्या महिन्यात लागलेलं पोरगंसुद्धा दादाच्या पुढे. आई ऐकून घेत होती, मग म्हणाली, "म्हंजी तुजी कंपनी नांदाय गेली की." पप्पांना ठसका लागला. "हसता काय? खरंच हाय. माह्यारी किकवीला मी थोरली, चार भावंडं माझ्या हाताखाली. हितं आले तर बारकी नणंद मला म्हनायची, छायावयनी, जरा पानी काढा. सासरी माह्यारचं वय कुनी मोजत न्हाई रं." दादाही हसेल असं मला वाटलं. तो पणतीची वात बोटाने पुढे ढकलत राहिला, बोट भाजलं तरी. "सात वर्षं आई," तो म्हणाला. दिवाळीनंतर मोठ्या कंपनीने त्याला गुवाहाटीला पाठवलं. तिथून घरी यायचं तर कोलकात्याला विमान बदलावं लागायचं.

त्या फोननंतर आज्जाला थांबवणं शक्य नव्हतं. आईला अंगणवाडीत जायचं होतं, पप्पा पहिल्या पाळीला गेलेले, म्हणून मी दप्तर खाली ठेवलं आणि त्याच्यामागे निघाले. शाळा बुडते याचं मला वाईट वाटलं नाही, उलट काहीतरी मोठं काम अंगावर घेतल्यासारखं वाटत होतं. ढाल मिळाल्यापासून मला सगळंच येईल असं वाटायचं. मी ठरवलं होतं की स्टँडवर पोचलं की त्याला नीट, मुद्देसूद समजावून सांगायचं. पहिला मुद्दा, स्टँडबाय हा इंग्रजी शब्द आहे. दुसरा मुद्दा, कोलकाता कुठे आहे. पण तो बाकड्यावर जाऊन बसला, टोपी सारखी केली, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाटीकडे डोळे बारीक करून बघायला लागला, आणि मी मुद्दे बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसले. डिझेलचा वास, वड्याच्या तेलाचा वास, कुणीतरी फिनेल टाकलेलं. लाऊडस्पीकरवरून बाई बोलत होती, शब्द कमी आणि खरखर जास्त. गाडी आली की आज्जा बाकड्याच्या कडेला सरकायचा, दारातून उतरणारी एकेक माणसं बघायचा. पिशवी, काठी, कडेवर पोर, कॉलेजच्या मुली. शेवटचं माणूस उतरलं की परत मागे टेकायचा. नाराज नाही. फक्त टेकायचा. "ह्या गाडीला गर्दी असंल," म्हणायचा, "पुढच्या गाडीनं यील." आणि मला एकदम कळलं की पाचपन्नास कोसांवर, छे, हजार मैलांवर, दादाही असाच बाकाच्या कडेला सरकून बसला असेल, आणि त्याच्यासमोरही असाच दरवाजा असेल, फक्त काचेचा, आणि त्यातून माणसं उतरत नसतील तर आत जात असतील. दोघंही एकाच गाडीची वाट बघत होते आणि ती गाडी कुठेच नव्हती.

मी पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन त्याला फोन लावला. तो म्हणाला, "दोन खुर्च्या उरल्या होत्या, नूतन. मला वाटलं झालं काम. एक बाई गेल्या, त्या जुन्या आहेत, त्यांचं बरोबर आहे. दुसरा एक पोरगा गेला. मिशा पण नीट फुटल्या नाहीत अजून. जाताना मला सॉरी सर म्हणाला." 'सर'वर त्याचा आवाज जरा घसरला. मी म्हटलं, "तिकीट काढ की मग. साधं, सगळ्यांसारखं." पलीकडे कुठल्यातरी विमानाची सूचना चालली होती, तिकडची बाईही अशीच बोलत होती, पण स्वच्छ. "दादा, ऐकतोयस का? आज्जा स्टँडवर येऊन बसलाय." "कशाला?" "तू स्टँडबायला आहेस म्हणून." तो हसला. मग म्हणाला, "पुढच्या विमानात लागेल नंबर. मी कंपनीचा माणूस आहे गं, माझ्याच कंपनीच्या खिडकीवर तिकीट मागत उभा राहू?" मला ओरडावंसं वाटलं. माझ्याकडे शब्द होते, खूप होते, मी स्पर्धेत दहा मिनिटं न अडखळता बोलले होते. पण मला त्या क्षणी तो बोट भाजून घेत वात सरळ करताना दिसला. त्याला नुसतं विमानात बसायचं नव्हतं. त्याला कुणीतरी ती वर्षं मोजायला हवी होती. मी म्हटलं, "बरं. जेवलास का?"

संध्याकाळी आज्जा माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी. आईने अडवलं तर म्हणाला, "बाई, तुमच्या घरचं न्हाई कुनी यायचं, म्हनून तुमाला कळत न्हाई." आई बाजूला झाली. मला म्हणाली, "जा त्यांच्यासंगट. डोळ्यात पानी आनू नगंस, भितील ते." मी म्हटलं, मी कुठं आणते. शिवरेफाट्याला काहीतरी अडलं होतं म्हणून पुण्याकडच्या गाड्या उशिरा येत होत्या, स्टँडवर बाजाराची गर्दी, आणि मी जरा वेळ फोनकडे बघत होते. दादाचा मेसेज येत होता, टिंब टिंब टिंब दिसत होतं, काहीतरी टाईप करत होता. तेवढ्यात आज्जा बाकड्यावरून उठून कधी चालायला लागला मला कळलंच नाही. स्वारगेटची गाडी लागत होती. ती मागे मागे येत होती आणि तो तिच्या मागे, बरोबर मधोमध, पाटी वाचायचा प्रयत्न करत उभा होता. कुणीतरी जोरात शिट्टी मारली, गाडी थांबली, आणि मागच्या बाजूने कंडक्टर धावत आला, त्याने आज्जाचं मनगट धरून त्याला बाजूला ओढलं. "ओ आजोबा, गाडीखाली जायचंय का? कुनाची वाट बघताय एवढी?"

हा कुंडलिक. त्याचं नाव मला नंतर कळलं. दादाच्याच वयाचा असेल, तोंडावर तसं काहीच साम्य नाही, रंग वेगळा, नाक वेगळं. पण त्याने मनगट धरलं होतं. आज्जाने त्या हाताकडे बघितलं, मग हळूहळू नजर वर नेली, खाकी बाही, खांद्यावरचा पट्टा, तिकिटाचं मशीन, चेहरा. आणि मी त्याचा चेहरा बघितला. मी तो आधी एकदाच बघितला होता, त्या दिवशी दारात, प्रशिकची बहीण म्हटल्यावर, पण तो त्याचा अगदी थोडा तुकडा होता. "आलास?" आज्जा म्हणाला. त्याने दुसरा हात वर करून कंडक्टरच्या डोक्यावरून फिरवला, कानावरून, गालावरून, आंधळा माणूस चाचपतो तसा. "आलास व्हय रं? किती वाळलायस. खायला घालत न्हाईत का तुजी कंपनीवाली?" कुंडलिकने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. माझ्या हातातला फोन थरथरला आणि स्क्रीनवर दादाचं वाक्य आलं, 'या पण विमानात नाही.' मी ते वाचलं, आणि मान वर करेपर्यंत कुंडलिक म्हणाला होता, "आलो की. म्हनलं आज्जा वाट बघत असंल."

मला आजही त्याचा राग येत नाही. यायला हवा असं कधी कधी वाटतं. त्याच्या मागे गाडी उभी होती, ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघत होता, उतारू पिशव्या घेऊन उतरत होते, आणि हा परका माणूस आज्जाचा हात हातात घेऊन उभा होता, अवघडून, पण सोडत नव्हता. आज्जाने खिशातून पुडी काढली. गोळ्या बंडीच्या उबेने चिकटून एक गोळा झाल्या होत्या. त्याने नखाने एक सुटी केली, कागदासकट कुंडलिकच्या तोंडाजवळ नेली. तो कागद काढायला लागला तर आज्जा म्हणाला, "र्‍हाऊ दे, मी काढतो," आणि एकेक टोक सोडवत बसला. गाडी खोळंबली होती. कुंडलिकने तोंड उघडलं. ती केशरी गोळी त्याच्या गालात इकडून तिकडे गेलेली मी बघितली. "गोड हाय का?" "लई." "विमान चालिवतोस का आता?" "न्हाई अजून. सामान भरतो." हे त्याला कसं कळलं असेल? मग मला आठवलं, मीच सांगितलं होतं, आदल्या दिवशी चौकशीच्या खिडकीवर, मोठ्या आवाजात, माझा भाऊ विमानात सामान भरतो, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "मंग भर, भर," आज्जा म्हणाला, "नीट भर. लोकांचं सामान हाय." मग तो जरा मागे सरला, कुंडलिकला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं, आणि म्हणाला, "जा आता. ड्युटीवरचा मानूस हायेस. भेट झाली, बास झालं." कुंडलिक वळला आणि गाडीमागे गेला. मी त्याच्यामागे धावले. तो टायरपाशी उभा राहून बाहीने तोंड पुसत होता. मला बघून म्हणाला, "रागावू नगंस ताई. तोंडातनं निगून गेलं." आणि मी, कलेक्टरशीसुद्धा बोलू शकणारी, नुसती मान हलवून आज्जाकडे परत गेले.

त्या रात्री आज्जा जेवला. आमटीत भाकरी कुस्करून, मागून घेऊन. भिंतीकडे तोंड न करता झोपला. आई म्हणाली, "आज काय जादू केलीस गं?" मी सांगितलं. ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला नाही, पाणी वाहत राहिलं. "त्यो येतोय," ती म्हणाली. "मगाशी फोन आलावता. तिकीट काढलं म्हनला." सकाळी मी नेहमीसारखी आज्जासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "प्रशिकची बहीण." त्याने मान हलवली, पण ये बस म्हणाला नाही. "व्हय का," म्हणाला, "आमचा प्रशिक कालच येऊन गेला." जसं एखादं लग्न पार पडल्यावर माणूस म्हणतो. त्याचे हात मांडीवर मोकळे पडले होते. त्याची वाट बघून झाली होती. इतके महिने आम्ही समजत होतो की तो दादाला आठवणीत धरून बसलाय, पण ते धरून बसणं म्हणजे वाट बघणंच होतं, आणि आता ज्याची वाट बघायची तो येऊन गेला होता. मी टोपी आणून त्याच्या हातात दिली. मुद्दाम. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली आणि मला परत दिली. "कुनाची हाय?"

दादा दुपारी आला. गाल आत गेलेले, शर्टाला विमानतळाच्या खुर्च्यांच्या सुरकुत्या. तो कुठल्या गाडीने आला, ती कुणी आणली, मी विचारलं नाही. त्याने मला बघितलं, म्हणाला, "ढाल कुठाय?" आणि बूट न काढताच आत गेला. मग परत येऊन काढले. आज्जा खाटेवर बसला होता, उन्हाची तिरीप पायावर. दादा खाली वाकला तसे आज्जाने घाईघाईने पाय वर घेतले. "आवं, पाया कशाला पडताय. जय भीम पावनं. बसा, बसा. बाई, च्या टाक गं." दादा वाकलेलाच राहिला. "आज्जा, मी प्रशिक." "आं?" "प्रशिक." आज्जा मनापासून खूश झाला. "बघा म्हंजी. आमच्या नातवाचं बी हेच नाव. नावं एकसारखी असत्यात." मग मी बोलायला लागले. मी माझ्या सगळ्या ताकदीने बोलले, हात पसरून, स्पष्ट, आज्जा हाच तो, कालचा तो एसटीचा कंडक्टर होता, त्याचं नाव कुंडलिक, हा आपला, खरा, हा कोलकात्याला अडकला होता. आज्जा ऐकत होता. त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी घाबरं उतरायला लागलं, कालचं सगळं कुणीतरी त्याच्या खिशातून काढून घेतंय असं. त्याचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. दादाने माझा दंड धरला. घट्ट. "राहू दे," तो म्हणाला. "नूतन, राहू दे." मग खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, परका माणूस बसतो तसा जरा अंतर ठेवून, आणि विचारलं, "मग? आला होता का तुमचा प्रशिक?"

"आला की. सोताहून आला."

"बरा आहे?"

"वाळलाय. पर हाताला काम हाय, नेट हाय. माझा असा हात धरला बघा." आज्जाने स्वतःचंच मनगट धरून दाखवलं. "लोकं बघाय लागली. गाडी थांबवली त्यानं माझ्यासाठनं. एवढी भरलेली गाडी." दादा ऐकत होता. तो मधेमधे हं म्हणत होता, आणि मी त्याच्या मानेमागे उभी होते म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही, फक्त मानेवरची शीर दिसत होती. "मोठा माणूस झाला म्हणा," तो म्हणाला. "झाला. पर इसरला न्हाई. ते महत्त्वाचं." आई चहा घेऊन दारात उभी होती, कपातला चहा बशीत सांडलेला. आज्जाने दादाकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच, आणि क्षणभर मला वाटलं, आता. आता होईल. तो म्हणाला, "तुमचं आज्जं हायेत का, पावनं?"

"आहेत."

"लांब असत्यात?"

"जरा लांब."

"मंग हितं काय बसलाय?" आज्जा कळवळून म्हणाला. "च्याबी नगा थांबू. म्हाताऱ्या मानसाचं काय खरं हाय का? डोळं लावून बसलं असंल. जावा, भेटा जावा." दादा उठला. त्याला उठताना जमिनीला हात टेकवावा लागला. सॅक उचलली. "जातो," तो म्हणाला. आज्जाने जीभ चावली. "जातो म्हनू नये पोरा. येतो म्हनावं."

"येतो," दादा म्हणाला.

तो बूट घालून बाहेर पडला. आज्जाही भिंतीला धरत धरत उठला, मी आधार द्यायला गेले तर मला हलकेच बाजूला केलं, आणि चौकटीला हात लावून उभा राहिला. पाव्हणा नजरेआड होईपर्यंत दारातून हलायचं नाही, ही त्याची रीत, ती तो विसरला नव्हता. म्हणून दादाला गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत जावं लागलं. तिथे जाऊन त्याने एकदा मागे बघितलं, आज्जाने हात वर केला, आणि मग दादाला वळावं लागलं.